डावा पाय

दुपारचे बारा, आणि ट्रोम्सोत रस्त्यावरचे दिवे अजून तसेच.
जानेवारीत इथे सूर्याला उगवायची घाई नसते.
तळघरात प्रिंटर रात्रभर कुरकुरत होता,
थरावर थर, केसाच्या जाडीचा एकेक,
आणि सकाळी राळेच्या उग्र वासात
हाती आलं मांडीचं हाड, वरचं वीतभर.

ओल्लाउगबाईंचं. वय एक्क्याऐंशी.
मूळ हाड अजून त्यांच्याच अंगात,
तिसऱ्या मजल्यावर, खिडकीजवळच्या खाटेवर.
उजवा खुबा बर्फावर मोडला, पत्रपेटीपाशी, बुधवारी.
आता सगळी भिस्त डाव्यावर.
डॉक्टर ब्रेक्केंनी एवढंच विचारलं होतं:
हा किती सोसेल?

मी आधी पडद्यावर सोसवून पाहिलं.
स्कॅनचे सात लाख ठोकळे केले,
वरून बाईंचं वजन ठेवलं, एका पावलाचं,
मग अडखळलेल्या पावलाचं.
निळं म्हणजे निवांत.
लाल म्हणजे इथून जाणार.
खुब्याच्या मानेशी लाल उमटलं,
लवकर उमटलं.
अहवालात मी लिहिलं, भरवसा नाही.

मग ही राळेची प्रत यंत्राच्या जबड्यात धरली.
राळ म्हणजे हाड नव्हे, मला ठाऊक आहे,
पण कुठून आणि कुणाआधी, ते तरी कळतं.
आकडा चढला. मोडायला हवं होतं.
आणखी चढला.
इंग्वाल्ड म्हणाला, यंत्र बिघडलंय.
यंत्र ठीक होतं.
दुसरी प्रत, तिसरी प्रत,
तिन्ही उशिरा मोडल्या, तिन्ही खालच्या अंगाला,
कडाक्याच्या थंडीत फळी तडकावी तशा.

मोडलेल्या तोंडाशी भिंग धरलं.
आत जाळी: बारीक, विरलेली,
हिवाळा संपताना मासे वाळवायच्या मांडवावर
चारदोन काठ्या उरतात तशी.
पण तिच्यातून तिरपी गेलेली एक दाट रेघ,
बोटभर लांब, हट्टी.
पडद्यावर ती नव्हती.
पडद्यावर ती होती, मीच पुसली होती.
स्कॅनमधला कचरा समजून
एका कळीत सगळं गुळगुळीत केलं होतं.
प्रिंटरला मात्र कच्ची फाईल गेली होती, चुकून.

तुकडा खिशात घालून वर गेलो.
बाई विणत होत्या. विचारलं, उभं कसं राहायचात?

कशी म्हणजे? लोफोटेनच्या धक्क्यावर,
सातव्या वर्षापासून, कॉड माशांच्या जिभा कापत.
पुढे टोचा, त्यावर मासा,
उजवा पाय पेटीवर टेकलेला,
कारण पेटी घसरली की पैसे गेले.
सगळा भार डाव्यावर.
पुढे कारखान्यातही तसंच, सदतीस वर्षं.
नवरा म्हणायचा, बगळा केला मी.

हाडाची काडं झाली म्हणायचं,
तर इथे उलटंच घडलेलं:
बाकीचं सगळं पोखरत असताना
कष्टाने आत एक तुळई बसवून ठेवली होती,
कुणाला न सांगता.

त्यांनी तुकडा हातात घेतला, तोलला.
किती हलकं, म्हणाल्या. मोडलंत?
तीनदा, मी म्हटलं.
मला काहीच कळलं नाही हो, आणि हसल्या,
मग नखाने त्या रेघेवरून हळूच गेल्या,
टाका सुटलाय का बघावं तसं.

खाली येऊन मी कच्ची फाईल उघडली.
पुसलेलं परत आणलं.
पहाटेपर्यंत संगणक गरम होत राहिला,
लाल रंग मानेवरून खाली सरकला, दोन बोटं,
आणि उशिरा उमटला.
अहवालातलं एक वाक्य खोडलं.
त्या जागी काय लिहावं ते सुचेना,
म्हणून आकडा लिहिला, आणि खाली: डावा पाय आधी टेकवावा.

शुक्रवारी दोन परिचारिकांनी त्यांना उभं केलं.
मी दारातून पाहत होतो.
कुणी सांगायच्या आतच
त्या डाव्यावर रेलल्या,
आणि उजवा पाय शोधू लागला
तिथे नसलेली पेटी.